गुरू मरणार हे माहीत आहे, मग त्याची पूर्वकथा कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही दीड वर्ष मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, धर्तीवर मराठीत वेबकॉमिक काढताय. सहा भाग झालेत. सहाव्यात नायिकेचा गुरू, दादोबा, मरतो. वाचक त्याच्याबद्दल विचारत राहतात, म्हणून आता त्याच्या तरुणपणाची पाच भागांची प्रीक्वेल काढायची आहे. तिच्यात त्याची बायको आणि मुलगी आगीत जातात. तुमचं म्हणणं असं, की दादोबा यातून वाचतो आणि पुढे कसा मरतो हे सगळ्यांना ठाऊकच आहे, मग वाचक गुंतेल का, की नुसती रडारड होईल? जाता जाता हेही विचारलंय, की 'जुजुत्सु काइसेन' या मांगाचा शून्य क्रमांकाचा खंड आधी वाचावा की नंतर.

मी मांगा काढत नाही. एकोणीस वर्षं मराठी मालिकांच्या पटकथा लिहितेय आणि अलीकडे कॉमिक्सच्या संहिता तपासून देते. भूतकाळाचा ट्रॅक हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार, आणि तो फसण्याचा अनुभव माझ्या गाठीशी भरपूर आहे. पुढे तीन मांगांची गुपितं उघडी पडणार आहेत. वाचायच्या असतील तर इथेच थांबा.

शेवट माहीत असण्याची काळजी सोडून द्या. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला हरिश्चंद्राचं आख्यान तोंडपाठ असतं. तरी तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात येते तेव्हा तिचा पदर डोळ्यांना लागतोच. पुढे काय होतं ते ऐकायला ती आलेलीच नसते. तुमची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तुमच्या आराखड्यात मला दिसली: दादोबावर काय काय गुदरलं याची यादी तुमच्याकडे तयार आहे, पण ते वाचून झाल्यावर आधीच्या सहा भागांतलं कुठलं पान वाचकाला वेगळं दिसेल, याचं उत्तर नाही. ते उत्तर नसेल तर प्रीक्वेल म्हणजे पात्राचा बायोडेटा.

'जुजुत्सु काइसेन'वर जरा रेंगाळते, कारण तुम्हीच तो विषय काढलात आणि या कामाचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. गंमत म्हणजे ही मांगा काढणाऱ्या गेगे आकुतामींचा हा खंड मुळात प्रीक्वेल नव्हताच. २०१७ मध्ये 'जंप गीगा' या नियतकालिकाच्या चार अंकांत ती वेगळ्या नावाची छोटी मालिका म्हणून आली. मुख्य कथा मार्च २०१८ मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली, आणि ती जुनी चार प्रकरणं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'खंड ०' म्हणून पुस्तकात आली. म्हणजे पूर्वकथा आधी जन्मली आणि 'पूर्व' नंतर झाली.

तिची गोष्ट साधी आहे. युता आणि रिका ही दोन मुलं, मोठेपणी लग्न करायचं म्हणून अंगठी दिलेली. रिका त्याच्या डोळ्यांदेखत गाडीखाली जाते आणि भयंकर शाप होऊन त्याला चिकटून राहते; या कथेत शाप म्हणजे भुतासारखा राक्षस. सगळे धरून चालतात की तिने त्याला शापलं. शेवटी कळतं की ते उलटं होतं. मरणाऱ्या रिकाला तो मनातून सोडायला तयार नव्हता, आणि ते न सोडणं हाच शाप होता. इथे कुणीही वाईट वागलेलं नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी तुमच्या दादोबाकडे येताना मला ते लागणार आहे.

या खंडाचा खलनायक सुगुरू गेतो. २४ डिसेंबर २०१७ला तो शिंजुकू आणि क्योतोवर शापांची झुंड सोडतो, युताकडून हरतो, एक हात गमावून एका गल्लीत टेकून बसतो. तिथे त्याचा जुना वर्गमित्र सातोरू गोजो येतो. गोजो त्याला शेवटचं काहीतरी म्हणतो, पण ते शब्द आपल्याला ऐकवले जात नाहीत. गेतो हसतो आणि म्हणतो, निदान शेवटी तरी जरा शिव्याशाप द्यायचे होतेस. बस. नंतर गोजो युताला एवढंच सांगतो, की तो माझा एकुलता एक जिवलग होता. २०१७च्या वाचकाला या दोघांबद्दल याहून फारसं काही माहीत नव्हतं.

आता मुख्य कथेतला आठवा-नववा खंड काढा. टोकियोतल्या शिबुयाचं मोठं प्रकरण तोंडावर आलेलं असताना आकुतामी गाडी एकदम २००६ मध्ये नेतात. गोजो आणि गेतो शापांशी लढायला शिकवणाऱ्या शाळेत दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, माजलेले, एकमेकांशिवाय न करमणारे. रिको आमानाई नावाच्या शाळकरी मुलीला सुखरूप पोचवायचं काम त्यांच्यावर येतं. तिला तेंगेन नावाच्या अमर व्यक्तीत विलीन व्हायचं आहे, म्हणजे मुलगी म्हणून संपायचं आहे. हे दोघे तिला ओकिनावाला समुद्रावर घेऊन जातात, मुक्काम एक दिवस वाढवतात. ऐन वेळी गेतो तिला सांगतो, तुला नको असेल तर परत फिरू. मला सगळ्यांबरोबर आणखी राहायचंय, असं ती रडत म्हणते, तो हात पुढे करतो, आणि भाडोत्री मारेकरी तोजी फुशिगुरोची गोळी तिच्या डोक्यातून आरपार जाते.

त्यानंतरचा प्रसंग मी आमच्याकडे नव्याने लिहायला येणाऱ्या मुलांना सांगते. तोजीला मारून गोजो तिचं प्रेत हातांवर घेऊन उभा आहे. भोवती तिच्या मरणाने खूश झालेल्या पंथाची माणसं हसऱ्या चेहऱ्यांनी टाळ्या वाजवतायत. गोजो विचारतो, मारून टाकू का यांना? गेतो म्हणतो, नको, त्याला काही अर्थ नाही. वर्षभरानंतर हाच गेतो एका खेड्यातली ११२ माणसं मारतो. मधल्या काळात कुठला मोठा धक्का बसलाय असंही नाही. एक सरळमार्गी ज्युनिअर मरतो, उन्हाळा वाढतो, आणि गेतो आपलं काम करत राहतो, म्हणजे शाप गिळून ताब्यात घेत राहतो. त्याची चव ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी लागते आणि हे त्याने कधी कुणाला सांगितलेलं नसतं. मग रस्त्यात गोजो समोर येतो तेव्हा गेतो म्हणतो, मारायचं तर मार, त्याला अर्थ असेल. गोजोचा हात उठतो आणि तसाच राहतो.

त्याच्या हातून ते काम होतं थेट दहा वर्षांनी, खंड ०च्या त्या गल्लीत. म्हणजे २०१७ मध्ये काढून झालेल्या, रेघही न बदललेल्या पानावर नंतर लिहिलेल्या प्रकरणाने वजन ठेवलं. 'अर्थ' हा एकच शब्द तीन ठिकाणांना शिवून घेतो. त्या न ऐकवलेल्या वाक्याची जागा लेखकाने रिकामी ठेवली नसती तर हे जमलं नसतं.

पण इथवरचं सगळं भावनेचं झालं. माझ्या मते आकुतामी भारी ठरतात ते पुढच्या पायरीवर, जिथे ही भावनाच घटना होते. ३१ ऑक्टोबर २०१८, शिबुया. गोजोला कोंडण्यासाठी शत्रूने एक पेटी आणली आहे. अट अशी, की सावज पेटीपासून चार मीटरच्या आत एक मिनिट राहिलं पाहिजे. सगळ्यांत बलाढ्य अशा गोजोला एक मिनिट कोण अडवणार? तेवढ्यात मागून हाक येते, गेतोच्या आवाजात. गोजो वळतो, मित्राचा चेहरा दिसतो आणि तीन वर्षांचं तारुण्य एका क्षणात त्याच्या डोक्यातून वाहून जातं. ते मिनिट म्हणजे त्याच्या डोक्यातलं मिनिट. तो अडकला.

आणि ती तीन वर्षं कुठली? आपण नुकतीच वाचलेली. ओकिनावा, वर्गातली बाकं, ती मस्ती. पूर्वकथेची पानं वाचायला वाचकाला लागलेला वेळ हाच तुरुंगाचा दरवाजा झाला. वर समोर उभा असलेला गेतो हा गेतो नाहीच; त्याच्या प्रेतात शिरलेला केंजाकू नावाचा शत्रू आहे. तो गोजोला सुनावतोही, की मित्राचं प्रेत तू शोकोकडे, म्हणजे तुमच्या डॉक्टर वर्गमैत्रिणीकडे, विल्हेवाटीला दिलं नाहीस, तुझा तो हळवेपणा माझ्या पथ्यावर पडला. गोजो आतल्या गेतोला हाक मारतो तेव्हा त्या प्रेताचा हात उठून स्वतःचाच गळा धरतो. पूर्वकथेतली माया मुख्य कथेत भगदाड पाडते आणि त्यातून पुढचं सगळं युद्ध आत येतं. भूतकाळाने वर्तमानाची किंमत वसूल केली पाहिजे, असं मी म्हणते ते हे.

आता माझं स्वतःचं. सात-आठ वर्षांपूर्वी एका दैनंदिन मालिकेत खाष्ट सासूचा पूर्वेतिहास मी बारा एपिसोड लिहिला. गरिबी, बापाने मोडलेलं लग्न, गेलेलं मूल, काही म्हणून सोडलं नाही. ते एपिसोड चांगले झाले, फोनही आले. तेराव्या एपिसोडला आम्ही वर्तमानात परतलो आणि सेटवर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आता मालिका चालणार नाही. सासू बिचारी होऊन बसली होती. तिने सुनेला टोमणा मारला की प्रेक्षक म्हणायचे, जाऊ दे, तिने किती सोसलंय. भांडणच उरलं नाही. पुढचे तीन महिने आम्ही ती सासू पुन्हा खाष्ट करण्यात घालवले आणि ते काही जमलं नाही.

चूक दुःखाच्या प्रमाणात नव्हती. मी भूतकाळाचा वापर वर्तमानाला माफी द्यायला केला. गेतोकडे परत बघा. त्याचं सगळं समजतं, आणि ते ११२ जीव तरीही तिथेच पडलेले असतात. समजल्यामुळे ते जास्त बोचतं, कारण 'अर्थ नाही' असं म्हणून थांबवणारा हाच होता, हे आता आपल्याला माहीत असतं.

उलट टोकाचं उदाहरण केंतारो मिउरांच्या 'बर्सर्क'चं. वेगळ्या पुस्तकाच्या अर्थाने ती प्रीक्वेल नाही, मुख्य मांगाच्या पोटातच आहे, पण काम तेच करते. पहिल्या खंडातला नायक गट्स एका डोळ्याचा, लोखंडी हाताचा, कुणाला जवळ येऊ न देणारा; खरं सांगायचं तर नकोसा माणूस. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस कथा मागे जाते आणि चौदाव्यापर्यंत मागेच राहते. त्यातल्या जवळजवळ सगळ्या काळात गट्सला दोन हात आणि दोन डोळे आहेत. मिउरा याकडे बोटही दाखवत नाहीत. पण आपण मोजत असतो. तो हसला की आपल्याला धडकी भरते. ग्रिफिथच्या भाडोत्री सैनिकांच्या टोळीत मुक्कामाच्या रात्री टेकाडावरून खाली शेकोट्या दिसतात, आणि गट्स टोळीतल्याच कास्काला म्हणतो, यातली एकेक म्हणजे एकेकाचं छोटं स्वप्न. असा प्रसंग सरळ क्रमाने आला असता तर गोड वाटून विसरला गेला असता. पहिल्या खंडातला गट्स कसा आहे ते माहीत असल्यामुळे तो घशाखाली उतरत नाही.

आणि नाश कशाने ओढवतो? माझा मित्र तोच, ज्याला स्वतःचं स्वप्न आहे, असं ग्रिफिथ राजकन्येला सांगत असताना गट्स ते ऐकतो. त्या योग्यतेचं व्हावं म्हणून तो टोळी सोडतो. मैत्रीपायी घेतलेला तो निर्णय ग्रिफिथला मोडतो आणि शेवटी सगळ्या टोळीला संपवतो. इथेही माणसातल्या चांगल्या गोष्टीतूनच वाईट निघालं. युताचं न सोडणं, गोजोचा हळवेपणा, गट्सचा स्वाभिमान, तिन्ही एकाच जातीची.

जिथे मला अर्धवट जमल्यासारखं वाटतं तेही सांगते. 'अटॅक ऑन टायटन'मधल्या लेवी या सैनिकाची पूर्वकथा २०१३-१४ मध्ये हिकारू सुरुगांनी चित्रित केली. मुख्य कथेत लेवी नायक एरेनला म्हणतो, कुठला निर्णय बरोबर ते मला आजवर कळलेलं नाही, ज्याचा पश्चात्ताप कमी होईल तो तू निवड. पूर्वकथेत धुक्यात साथीदारांना मागे ठेवून पुढे जायचं तो ठरवतो आणि परत येतो तेव्हा दोघं मेलेली असतात. त्या एका वाक्याला असं तारण मिळालं, हे छानच. पण फार्लान आणि इझाबेल ही दोघं मरण्यासाठीच जन्माला घातलीत हे पहिल्या पानापासून जाणवतं, कारण त्यांच्या जाण्यावर मुख्य कथेतलं काही टांगलेलं नाही. अनेक लोक माझ्याशी याबाबत भांडतात. भांडोत.

यातलं बरंच काही परिस्थितीवर आहे. तुमची मुख्य कथा अजून चालू असेल तर आकुतामींसारखं पूर्वकथेतलं काहीतरी पुढे वापरता येईल. संपली असेल तर तुमच्याकडे फक्त मागची पानं उरतात, मग मिउरांचा मार्ग बघा. वेबकॉमिकचे वाचक काही महिन्यांनी एकेक भाग वाचतात, त्यांना दोन वर्षांपूर्वीचा बारकावा आठवणार नाही, तो पुन्हा दाखवावा लागेल. एकरकमी पुस्तक काढणार असाल तर गरज नाही. आणि खंड ० कधी वाचावा? मी आधी म्हणेन, कारण तो आधी लिहिला गेला, आणि कपाळावर टाके असलेला गेतो मुख्य कथेत पहिल्यांदा दिसतो तेव्हाच, 'हा तर मेला होता', असा खडा तुमच्या दातांखाली येतो. मुख्य कथा आधी वाचणाऱ्याला तो निव्वळ एक खलनायक वाटतो आणि धक्का शिबुयात बसतो. तोही वाईट सौदा नाही. फक्त तुम्ही स्वतः कथा काढता, तर तुम्हाला पहिला अनुभव जास्त शिकवेल.

आता दादोबा. तुमचे सहाही भाग मी दोनदा वाचले. तुम्ही स्वतः न ठरवता एक गोष्ट पेरून ठेवलीय, तुमच्या लक्षात आलीय का ते माहीत नाही. दादोबा कधीच दार लावत नाही. दुसऱ्या भागात पाऊस आत येतो तरी उघडं. चौथ्यात नायिका थंडीने कुडकुडत कडी घालायला जाते तर तो तिच्यावर ओरडतो, आणि तो विक्षिप्त म्हातारा आहे म्हणून आपण हसतो. सहाव्यात तो मारेकऱ्यांना रोखायला उंबऱ्यात उभा राहतो आणि पाठीमागचं दार स्वतःच्या हाताने ओढून घेतो.

तुमच्या आराखड्यात आग शत्रू लावतो आणि दादोबा गावाला गेलेला असतो. त्याच्याकडे करण्यासारखं काही नव्हतंच, तर त्याच्याबरोबर वाचकानेही काय करायचं? आग शत्रूनेच लावू दे. पण निघताना कडी दादोबाने घातली असेल तर? बाहेरून, काळजीपोटी, पोरगी झोपेत चालते म्हणून, रोज घालतो तशी. मग चौथ्या भागातलं ते ओरडणं पुन्हा वाचून बघा. आणि सहाव्यातलं दार ओढून घेणं बघा: तो पुन्हा एकदा कुणालातरी आत ठेवून दार लावतोय, या वेळी स्वतः उंबऱ्यात उभा राहून. तिथे एकही नवा संवाद लागणार नाही. कृपा करून घालूही नका.

रडारडीबद्दल एवढंच: आग तुम्ही दुसऱ्या भागात ठेवलीय आणि पुढचे तीन भाग शोक आहे. आग चौथ्याच्या शेवटी न्या. आधीचे भाग घरातले असू देत: मुलीचं झोपेत चालणं, त्यावरून नवराबायकोचं हसणं, कडी बसवायला आणलेला सुतार, रोज रात्री ती घालताना होणारा आवाज. आकुतामींनी ओकिनावाला एक दिवस वाढवून दिला तो उगीच नाही. तुमच्या वाचकाला दादोबाचं पुढचं माहीत आहे, त्यामुळे हसण्याच्या पानांवर त्याला आपोआप त्रास होणार आहे. ते काम तुम्ही अश्रू काढून करायची गरज नाही. पाचवा भाग अगदी छोटा ठेवा, पाच-सहा पानांचा. त्याने घराचं दार बिजागऱ्यांतून काढून टाकलं, एवढ्यावर संपला तरी चालेल.

एक तांत्रिक गोष्ट आत्ताच तपासून घ्या, नंतर महागात पडेल. दुसऱ्या भागात दाराची कडी आतल्या बाजूला काढलीय आणि सहाव्यात ती बाहेरून दिसते. दोन कड्या असतील तर दोन्ही दाखवा. एकच असेल तर ती बाहेर हवी, आणि दुसऱ्या भागातलं ते पॅनल नव्याने काढावं लागेल.